आडवी आग

आमच्या घरात आग आडवी जळते.
लाकडं उभी, अंगठ्याएवढी, फार तर मनगटाएवढी.
ती खालच्या टोकाला पेटतात, आणि ज्वाळा वर यायचं सोडून
विटांच्या बोगद्यात शिरते घुं घुं करत,
दूर कुणीतरी ट्रक सुरू ठेवून विसरल्यासारखी.

बाबा म्हणाले, आगीला वळण लावणारी तू पहिलीच.
म्हणाले, आणि बराच वेळ खोकले.

हेक्टर मॅकॅस्किल, अठ्ठावीस वर्षं
समुद्राच्या तळाखाली कोळसा तोडत होते.
डोक्यावर दगड, दगडावर अटलांटिक.
आणि वर केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर आमचं घर:
रात्री दहाला शेगडी लालबुंद,
पहाटे चारला घंगाळात बर्फाची साय.

पिंप लॉक्लनच्या गॅरेजातलं, तेलाचं.
रंग जाळून काढला, दोन दिवस गाव शिव्या देत होतं.
माती ओढ्याकाठची. वाळू समुद्राची,
तीन पाण्यांनी धुतलेली, तरी चाखून पाहिली.
सप्टेंबरात ताडपत्रीवर अनवाणी पायांनी
माती, वाळू, पेंढा तुडवला,
मी आणि मोरॅगची जुळी पोरं.
बाबा खुर्चीवरून सांगत होते, टाचेनं, टाचेनं!
भिंतीलगत आठ हात लांब कट्टा झाला,
पोटात धुराची नळी वेटोळं घालून.

विम्याचा माणूस पिंपाभोवती दोनदा फिरला.
त्याच्या फॉर्मवर याला चौकटच नव्हती.

नोव्हेंबरात आग्नेयेचा वारा सुटला
आणि सगळा धूर घरात.
खिडक्या उघड्या टाकून, कोट घालून बटाटे खाल्ले.
मग कळलं, थंड धुराड्याला आधी
एक वर्तमानपत्र पेटवून दाखवावं लागतं,
म्हणजे ते ओढायला लागतं.
तेव्हापासून बातम्या रोज, न वाचता.

संध्याकाळी दोन तास, बस.
तेवढा वेळ बाबा पलीकडच्या खोलीत, दार लावून,
कारण त्यांचा ऑक्सिजन आणि माझी आग
एका छताखाली चालतात, एका खोलीत नाही.
शेवटची ठिणगी गेली की मी राख उकरून बघते,
तोंडावर झाकण ठेवते, पुन्हा बघते,
आणि भिंतीवर टकटक करते.
मग ते येतात, निळी नळी मागे ओढत.
आग संपल्यावर आमच्याकडे ऊब सुरू होते.

मध्यरात्री कट्टा सर्वांत गरम.
ओले मोजे, कणकेचं पातेलं, मांजर, बाबा,
अशी रांग.
पहाटे बाहेर उणे एकोणीस,
कट्टा मात्र
नुकतंच कुणी उठून गेलेल्या जागेसारखा.

फेब्रुवारीत एक भेग पडली, पिंपाच्या बाजूला.
चिखल भिजवून भरायला बसले, तर आत काहीतरी पिवळं.
पितळेचा बिल्ला. चारशे सतरा.
खाली जाताना तो फळ्यावर टांगायचा,
वर आल्यावर काढून घ्यायचा,
खिळ्यावर राहिला तर माणूस अजून खाली आहे.
तुडवणं चाललं होतं तेव्हाच कधीतरी दाबला असणार,
टाचेनं, टाचेनं, म्हणत.

मी विचारलं नाही.
ते डोळे मिटून पाठ शेकत होते
आणि नेहमीपेक्षा कमी खोकत होते, किंवा मला तसं वाटलं.
बिल्ला होता तसा ठेवला,
वर मातीचा हात फिरवला, ओल्या बोटांनी कडा बसवल्या.
वाळताना तिथे एक फिकट डाग राहिला,
मांजर बरोबर त्यावरच झोपतं.

लॉक्लननं मॅपलच्या फांद्या आणून टाकल्यात,
अजून ओल्या आहेत.
यंदा नाही, पुढच्या हिवाळ्याला.